शून्य अंश ठेवून बघ

एक कोरा कागद घ्या, पेन्सिल घ्या. स्वयंपाकघरातून एक वाटी आणा, कागदावर पालथी ठेवा आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवा. आता वाटी उचला. कागदावर जे वर्तुळ उमटलं, त्याच्यापाशी आज आपल्याला थोडा वेळ बसायचं आहे. हाताशी घड्याळ असेल तर ते बाजूला ठेवा.

वर्तुळाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढा आणि एक उभी. दोन्ही छेदतात तो केंद्रबिंदू. वर्तुळाची त्रिज्या १ आहे असं मानू. वाटी आमटीची असो की देवघरातली, तिची स्वतःची त्रिज्या हेच आपलं मोजमाप.

आडवी रेघ उजवीकडे वर्तुळाला जिथे भेटते तिथे बोट ठेवा. हा शून्य अंश. इथून बोट वर्तुळावरून सावकाश वर सरकवा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. सरकताना एवढंच बघा, की बोट आडव्या रेघेपासून किती उंच आहे. त्या उंचीचं नाव साइन. बोट उभ्या रेघेपासून किती उजवीकडे आहे, त्या अंतराचं नाव कोसाइन. बोट आडव्या रेघेच्या खाली गेलं की साइन ऋण होतो, उभ्या रेघेच्या डावीकडे गेलं की कोसाइन ऋण होतो. त्रिकोणमितीचं एवढं भांडवल आज पुरे आहे.

बोट फिरू द्या. ३० अंशांवर उंची बरोबर अर्धी होते. ९० अंशांवर ती १ होते, याहून वर जागाच नाही. मग उतरण लागते. १५० अंशांवर पुन्हा अर्धी, १८० अंशांवर शून्य. आता बोट आडव्या रेघेखाली जातं, २७० अंशांवर तळ गाठतं आणि तिथून चढत चढत निघालं होतं त्या जागी परत येतं.

एक फेरी झाली. आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात तीच फेरी पुन्हा घाला. उंची शून्य किती ठिकाणी होती? दोन. अर्धी किती ठिकाणी? दोन. १ किती ठिकाणी? एकाच. आणि २? कुठेच नाही. ही चार उत्तरं पाठ करायची नाहीत, बोटाला आठवतील तेवढी पुरेत. पुढे यातल्या प्रत्येकाची गरज पडणार आहे.

*

ही उंची मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. वर्तुळाचा एक तुकडा कल्पा. ते धनुष्य झालं. त्याची दोन टोकं जोडणारी सरळ दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात आर्यभटानं पूर्ण दोरी सोडून अर्धी दोरी घेतली, कारण आकाशातल्या ग्रहांचं गणित अर्ध्या दोरीनं सोपं होतं. ९० अंशांचे २४ समान भाग केले, एकेक भाग ३ अंश ४५ कलांचा, आणि एका भागाहून पुढच्या भागाला जाताना ही अर्धज्या किती वाढते ते नोंदवलं. तुमच्या कागदावर बोटाखाली जी उंची आहे, ती हीच अर्धी दोरी. पुढे अरबी ग्रंथांत जीवा शब्दाची अक्षरं गेली, तिथे ती ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राची खोळ. लॅटिनमध्ये त्या खोळीचा ‘सायनस’ झाला आणि सायनसचा साइन होऊन तो शाळेच्या पुस्तकातून आपल्याकडे परत आला. म्हणून साइन हा शब्द उच्चारताना तो परका वाटू देऊ नका.

*

आता कागदाच्या खालच्या भागात मोठ्या अक्षरांत हे समीकरण लिहा.

२ साइन थीटा × कोसाइन थीटा = साइन थीटा

थीटा हा कोन, शून्य अंशापासून पूर्ण फेरीच्या आतला. कोणकोणत्या कोनांना ही बरोबरी खरी ठरते, एवढाच प्रश्न आहे.

सोडवायला घेऊ नका. नुसतं बघत राहा. थोड्याच वेळात मनात एक हालचाल होईल, ती ओळखा. डावीकडे साइन थीटा आहे, उजवीकडेही साइन थीटा आहे, आणि हातातली पेन्सिल आपोआप दोन्हींवर तिरकी रेघ मारायला निघते. काटलं. उरलं २ कोसाइन थीटा = १. म्हणजे कोसाइन अर्धा. म्हणजे कोन ६० अंश किंवा ३०० अंश. संपलं.

अकरावीत मी हे समीकरण असंच दोन ओळींत सोडवलं होतं. वही परत आली तेव्हा बाईंनी त्यावर फुली मारली नव्हती. समासात लाल शाईनं चार शब्द लिहिले होते: शून्य अंश ठेवून बघ. त्या वर्षीच्या वह्यांमधलं बाकी काही आज आठवत नाही. हे चार शब्द मात्र आठवतात, आणि त्यांच्यापाशी मी अनेकदा परत येऊन बसले आहे.

आपणही ठेवून बघू. थीटा शून्य अंश. बोट उजव्या टोकाला. उंची शून्य, म्हणून साइन शून्य. डावी बाजू २ × ० × १, म्हणजे शून्य. उजवी बाजू शून्य. बरोबरी खरी आहे. आता १८० अंश ठेवा. बोट डाव्या टोकाला. साइन पुन्हा शून्य, दोन्ही बाजू पुन्हा शून्य. तीही बरोबरी खरी.

इथे थांबा. दोन खरी उत्तरं होती आणि आपल्या दोन ओळींत ती कुठेच आली नाहीत. आकडेमोडीत चूक नव्हती. मग ती गेली कुठे?

*

काटणं म्हणजे भागणं, हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडतं की तो भागाकार आहे याचा विसरच पडतो. एखादी संख्या ५ नं गुणल्यावर १५ होत असेल, तर दोन्हीकडून ५ काढून घेता येतात आणि ती संख्या ३ आहे असं कळतं. आता ५ च्या जागी शून्य ठेवा. ० × ७ आणि ० × १०० दोन्ही सारखेच, दोन्ही शून्य. शून्य काटलं तर ७ आणि १०० सारखे ठरतात. म्हणून काटण्याआधी एक अट आहे: जे काटतोय ते शून्य नाही, याची खात्री हवी.

साइन थीटाबद्दल ही खात्री आपल्याला कुणी दिली होती? कुणीच नाही. उलट बोटानं पाहिलं होतं, की एका फेरीत साइन दोन ठिकाणी शून्य होतो. पेन्सिलीच्या त्या तिरक्या रेघेनं आपण न बोलता ठरवून टाकलं, की साइन शून्य नसणारच. ज्या दोन कोनांना तो शून्य असतो, ते त्याच क्षणी कागदाबाहेर गेले.

शून्यानं भागण्याचा प्रश्न थोरांनाही सोपा गेला नाही. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्याच्या बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे नियम स्वच्छ मांडले. भागाकारापाशी आल्यावर मात्र त्यानं शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं म्हटलं, आणि आजचं गणित ते मान्य करत नाही. भास्कराचार्यांनी ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला ‘खहर’ असं वेगळं नावच दिलं. जिथे एवढी मोठी माणसं विचार करत थांबली, तिथून आपण एक रेघ मारून पुढे जातो. पेन्सिल खाली ठेवा आणि एक श्वास सावकाश घ्या. पुढच्या वेळी हात तिरकी रेघ मारायला निघेल, तेव्हा हा श्वास आठवला पाहिजे.

*

आता तेच समीकरण पुन्हा लिहा. या वेळी काहीही काटायचं नाही. उजवीकडचा साइन थीटा उचलून डावीकडे आणा. पलीकडे जाताना त्याचं चिन्ह बदलतं.

२ साइन थीटा × कोसाइन थीटा − साइन थीटा = ०

डाव्या बाजूला दोन पदं आहेत आणि दोन्हींत साइन थीटा आहे. जे दोघांत आहे ते सामाईक. ते कंसाबाहेर घ्या.

साइन थीटा × (२ कोसाइन थीटा − १) = ०

यालाच आपण अवयव पाडणं म्हणतो. अवयव हा शब्द गणिताच्या तासाला येण्याआधी शरीराच्या पाठात आलेला असतो: हात, पाय, डोळा, कान. एकाच देहाचे वेगवेगळे भाग. काटलेला साइन कागदावरून जातो. अवयव म्हणून वेगळा केलेला साइन कंसाच्या दारात उभा राहतो, आपल्या पाळीची वाट बघत.

आता उजवीकडच्या शून्याकडे बघा. सगळं एका बाजूला आणून दुसरीकडे शून्यच का ठेवलं? उजवीकडे १२ असते तर? दोन संख्यांचा गुणाकार १२ आहे एवढं सांगितल्यावर त्या संख्यांबद्दल काय कळतं? ३ आणि ४ असतील, २ आणि ६ असतील, अर्धा आणि २४ असतील. एकीबद्दलही ठाम काही म्हणता येत नाही. पण दोन संख्यांचा गुणाकार शून्य आहे असं सांगितलं, की त्यांतली निदान एक शून्यच असली पाहिजे. दोन्हींपैकी एकही शून्य नसेल तर त्यांचा गुणाकार शून्य होऊच शकत नाही. म्हणून पदं एका बाजूला आणून समोर शून्य ठेवायचं. इतर कुठल्याही संख्येपुढे अवयव गप्प बसतात, शून्यापुढे ते बोलतात.

आता एकेकाला वेगळं विचारा, घाई न करता.

साइन थीटा, तू शून्य कधी होतोस? बोट फिरवा. शून्य अंशाला आणि १८० अंशांना. या दोन जागांवर ठिपके द्या.

२ कोसाइन थीटा − १, तू शून्य कधी होतोस? कोसाइन अर्धा असेल तेव्हा. बोट फिरवा आणि उभ्या रेघेपासून अर्ध्या त्रिज्येइतकं उजवीकडे कुठे येतं ते बघा. ६० अंशांवर, आणि आडव्या रेघेखाली ३०० अंशांवर. तिथेही ठिपके द्या.

या दोन उत्तरांमधला शब्द ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. बरोबरी खरी ठरायला एका अवयवानं शून्य होणं पुरतं, दुसरा त्या वेळी काहीही असला तरी चालतो. शून्य अंशाला दुसऱ्या अवयवाची किंमत १ आहे, आणि तरी गुणाकार शून्यच येतो. हे एकदा मनाशी पक्कं बसू द्या.

आता चार ठिपके ओळीनं जोडा: शून्य, ६०, १८०, ३००, पुन्हा शून्य. कागदावर एक पतंग दिसेल, आडवा पडलेला, शेपटाकडचं टोक डावीकडे. आतल्या दोन काड्याही आखा. शून्यापासून १८० पर्यंत एक कामटी, ६० पासून ३०० पर्यंत दुसरी. पहिली साइनच्या अवयवानं दिलेली, दुसरी कोसाइनच्या. अकरावीतल्या माझ्या दोन ओळींच्या उत्तरात ही दुसरी कामटी तेवढी होती.

*

कागद उलटा करा. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच वाटीनं पुन्हा वर्तुळ काढा, पुन्हा आडवी आणि उभी रेघ ओढा. या वेळी समीकरण थोडं वेगळं आहे.

२ साइन² थीटा − साइन थीटा − १ = ०

इथे सामाईक असं काही बाहेर येत नाही. पण साइन थीटाच्या जागी थोडा वेळ म लिहिला, तर दहावीतलं ओळखीचं वर्गसमीकरण समोर येतं: २म² − म − १ = ०. मधलं पद फोडायचं. ज्यांचा गुणाकार −२ आणि बेरीज −१ अशा दोन संख्या शोधा. त्या आहेत −२ आणि १. मग २म² − २म + म − १. पहिल्या जोडीतून २म बाहेर काढला की कंसात (म − १) उरतो, दुसऱ्या जोडीत (म − १) आधीच आहे. तोच सामाईक. म्हणून

(म − १) × (२म + १) = ०

पुन्हा दोन प्रश्न. म हा साइन होता, हे आठवा. साइन १ कधी होतो? एकाच ठिकाणी, ९० अंशांवर. साइन उणे अर्धा कधी होतो? आडव्या रेघेखाली, २१० आणि ३३० अंशांवर. तीन ठिपके द्या आणि जोडा. समभुज त्रिकोण. तिन्ही बिंदूंमध्ये बरोबर १२० अंशांचं अंतर. लिहिलेल्या समीकरणात तो कुठेही दिसत नव्हता, अवयव पाडले तेव्हा दिसला. त्याच्याकडे बघत थोडा वेळ बसा. यावर काही म्हणायची गरज नाही.

आता तिसरं: २ कोसाइन² थीटा − ५ कोसाइन थीटा + २ = ०. अवयव पडतात (२ कोसाइन थीटा − १) आणि (कोसाइन थीटा − २). पहिला अवयव ६० आणि ३०० अंश देतो. दुसरा म्हणतो, कोसाइन २ असेल तेव्हा. बोट फिरवा, पूर्ण फेरी घाला. बोट केंद्रापासून १ हून लांब जातच नाही, मग २ कुठून येणार? या अवयवाकडे कोन नाही. तरी त्याला विचारलं, आणि त्यानं नाही म्हटलं. काटण्यात आणि या नकारात फार अंतर आहे. तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

असा नकार भास्कराचार्यांच्या बीजगणितातही आहे. एका कळपातल्या वानरांच्या पाचव्या भागातून ३ वजा केले आणि उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक वानर फांदीवर चढताना दिसलं. तर एकूण वानरं किती? आजच्या पद्धतीनं मांडलं तर अवयव पडतात (क्ष − ५०) आणि (क्ष − ५). पन्नासाचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले की ७, त्याचा वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक मिळून पन्नास. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, आणि एक मिळून पाच. आकडे दोन्ही जुळतात. पण उणे २ वानरं ही गोष्ट लोकांना पटत नाही, असं सांगून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर बाजूला ठेवलं. दोन्ही उत्तरं आधी समोर आली, मग पारखली गेली. क्रम हा असा.

*

शेवटचा टप्पा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव यांनी मठ उभारला, आणि तसं सांगणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सिद्धान्तशिरोमणीत अर्धज्यांची उत्पत्ती सांगताना १८ अंशांची अर्धज्या, म्हणजे आपला साइन, त्यांनी दिली आहे. त्रिज्या १ धरली तर ती येते: पाचाच्या वर्गमुळातून १ वजा, भागिले ४. म्हणजे सुमारे ०.३०९.

आपण त्या उत्तराकडे आपल्या वाटेनं जाऊ. थीटा १८ अंश घ्या. त्याची दुप्पट ३६, तिप्पट ५४, दोन्ही मिळून ९०. म्हणून दुपटीचा साइन आणि तिपटीचा कोसाइन सारखे. सूत्रं वापरून उलगडलं आणि सगळं एका बाजूला आणलं, की उरतं

कोसाइन थीटा × (४ साइन² थीटा + २ साइन थीटा − १) = ०

पहिला अवयव कोसाइन. तो शून्य होतो ९० अंशांना, आणि ९० हे या समीकरणाचं खरंच एक उत्तर आहे. पण आपला कोन १८ अंशांचा. तिथे बोट अजून उभ्या रेघेच्या बरंच उजवीकडे असतं, म्हणून कोसाइन शून्य नाही. हे माहीत आहे, म्हणून इथे कोसाइननं भागलं तरी चालतं. उरलेल्या कंसातून भास्कराचार्यांची संख्या निघते. म्हणजे भागण्यात दोष नव्हता. वहीतल्या त्या दोन ओळींतही दोष भागण्याचा नव्हता. भागण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

*

आता पहिलं वर्तुळ, पतंग असलेलं, पुन्हा समोर घ्या. बोट उजव्या टोकाला, शून्य अंशावर ठेवा. फेरी सुरू करा. शून्य, ६०, १८०, ३००, आणि पुन्हा तीच जागा, आता तिचं नाव ३६० अंश. थांबू नका, दुसरी फेरी घाला. ३६०, ४२०, ५४०, ६६०. तिसरी घाला. फेऱ्या कितीही झाल्या तरी बोट त्याच चार ठिपक्यांवरून जातं. प्रत्येक उत्तरात ३६० च्या पटी मिळवत जा, उत्तरं संपणार नाहीत आणि ठिपके वाढणार नाहीत.

आज झोपण्यापूर्वी एखादं समीकरण घ्या, ज्यात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दिसते. कोसाइन² थीटा = कोसाइन थीटा घेतलं तरी चालेल. हात काटायला निघेल. निघू द्या, पण मधेच अडवा. सगळं एका बाजूला आणा, सामाईक बाहेर घ्या, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. एका अवयवातून शून्य अंश मिळेल. दुसऱ्यातून ९० आणि २७०, उभ्या रेघेची दोन टोकं, काटलं असतं तर जी कागदावर आलीच नसती.

मग वाटी धुऊन जागेवर ठेवा. कागद ठेवून द्या. त्याच्या समासात पेन्सिलीनं ते चार शब्द लिहा, पुढे कधी तो उघडाल तेव्हा आधी ते दिसावेत म्हणून.